मेसेजमधली मराठी: काय गाळलं तर चालतं आणि काय गाळलं की अर्थ बदलतो

के, आर, टी, ओ. इंग्रजीतली ही चार अक्षरं मोबाइलच्या पडद्यावर दिसली की मराठी वाचणारा न अडखळता 'करतो' असं वाचतो. मधे एकही 'ए' नाही, तरी अडत नाही. घाई किंवा आळस हे याचं पूर्ण उत्तर नव्हे. 'करतो' देवनागरीत लिहून त्याचे तुकडे पाडा: क, र, त आणि काना-मात्रा मिळून झालेला 'ओ'. चार तुकडे, चार इंग्रजी अक्षरं. देवनागरीत व्यंजनाच्या पोटात 'अ' असतोच, तो वेगळा लिहावा लागत नाही. लिहिणाऱ्याने अक्षरं इंग्रजी घेतली, रीत मात्र देवनागरीची ठेवली.

असेच बाकीचे शब्द तपासून पाहा. 'एम-एल-ए' म्हणजे मला: म, ल, काना. 'पी-एन' म्हणजे पण, 'एम-जी' म्हणजे मग, 'टी-आर' म्हणजे तर. 'बी-जी-एच' म्हणजे बघ, कारण जी आणि एच मिळून घ होतो. 'एन-एन-टी-आर' म्हणजे नंतर: न, टिंब, त, र. 'एस-जी-एल-ई' म्हणजे सगळे. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही, तरी लाखो लोक एकसारखं लिहितात, कारण सगळ्यांची अक्षरओळख बाराखडीतून झालेली आहे. म्हणून 'मेसेजच्या भाषेला काही नियमच नाही' ही तक्रार मला पटत नाही. नियम आहे आणि तो साधा आहे: पोटातला 'अ' गाळा, पण काना, वेलांटी, उकार, मात्रा ठेवा. हा नियम पाळून लिहिलेला मेसेज अनोळखी माणसालाही वाचता येतो.

नियम मोडणारे थोडे शब्द आहेत आणि ते रोजच्या वापरातले आहेत. 'काय' हा 'के-वाय' असा लिहितात, 'नाही' हा 'एन-एच-आय' किंवा नुसता 'एन-वाय', 'का' हा एकटा 'के'. इथे काना गेला, तरी निभतं, कारण 'कय' किंवा 'नही' असे शब्द मराठीत नाहीत आणि वाक्यातली जागाच शब्द सांगून टाकते. हीच सूट कमी वापराच्या शब्दाला दिली की घोटाळा होतो. 'पी-एन' हे पान समजायचं की पण? 'एम-एन' म्हणजे मन, मान की मीन? काना फक्त त्या शब्दातून गाळावा जो दिवसातून अनेकदा येतो आणि ज्याचा काना काढल्यावर दुसरा शब्द उभा राहत नाही.

शेवटचा स्वर मात्र कधीच गाळू नये. मराठी क्रियापदाची सगळी माहिती शेपटीत असते: गेलो, गेला, गेली, गेलं, गेले, गेल्या. 'जी-एल' एवढंच लिहिलं तर कोण गेलं, एक की अनेक, पुरुष की बाई, आपण स्वतः की दुसरा, यातलं काहीच उरत नाही. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही, म्हणून तिथे स्वर उडवण्याची किंमत कमी. 'के-एस आहेस' या विचारण्यात कसा आणि कशी दोन्ही बसतात. ज्याला पाठवायचं त्याच्याशी रोजचं बोलणं असेल तर ठीक, पण गटात टाकलेल्या मेसेजमध्ये प्रश्न नेमका कुणाला होता हेच कळत नाही.

इंग्रजी अक्षरांकडे लोक वळले त्यामागे तंत्राचंही कारण होतं. एका साध्या एसएमएसमध्ये मजकुरासाठी १४० बाइट, म्हणजे ११२० बिट जागा असते. इंग्रजी अक्षरांना प्रत्येकी ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं मावतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७०. त्यात काना, मात्रा, टिंब, पाय मोडण्याचं चिन्ह हे सगळं स्वतंत्र मोजलं जातं. 'स्त्री' हे एक अक्षर दिसतं, मोजणीत सहा भरतं: स, पाय मोडण्याचं चिन्ह, त, पुन्हा ते चिन्ह, र, दुसरी वेलांटी. गंमत अशी की शब्द काही फार लांबत नाहीत. 'मी उद्या येतो' यात देवनागरीत जागा धरून १३ चिन्हं होतात आणि इंग्रजी अक्षरांत १२. फटका बसतो तो मर्यादा १६०वरून ७०वर येण्याचा. लांब मेसेज तुकड्यांत जातो तेव्हा तुकडे जोडण्याची माहिती ६ बाइट खाते आणि प्रत्येक तुकड्यात इंग्रजीची १५३, देवनागरीची ६७ चिन्हंच उरतात.

इंटरनेटवरच्या मेसेजला ही मर्यादा नाही, पण साधा एसएमएस अजून लागतोच: नेट नसलेल्या जागी, साध्या फोनवर, संस्थांच्या सूचनांसाठी. अशा वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १५० इंग्रजी अक्षरांच्या मेसेजमध्ये एक देवनागरी अक्षर किंवा एक इमोजी घातली की पूर्ण मेसेज १६ बिटांवर जातो आणि एकाऐवजी तीन तुकडे होतात. एसएमएसमध्ये दोन्ही लिप्या मिसळू नका. लिहायचं तर सगळं देवनागरीत, नाहीतर सगळं इंग्रजी अक्षरांत.

आता इंग्रजी अक्षरांतल्या मराठीची खरी दुखरी जागा. इंग्रजीत 'ए' एकच आहे, त्यात अ आणि आ दोन्ही कोंबावे लागतात. 'टी'मध्ये त आणि ट, 'डी'मध्ये द आणि ड, 'एन'मध्ये न आणि ण, 'एल'मध्ये ल आणि ळ. त्यामुळे 'के-ए-एल' हे काल, कळ, काळ किंवा कल होऊ शकतं. 'व्ही-ई-एल' हे वेळ किंवा वेल. 'के-ए-डी-एच-आय' हे कधी, कढी, ताणलंच तर काढी. 'ए-एल-आय' हे आली, आळी आणि अळीही. बहुतेकदा वाक्य सावरून घेतं. 'कधी येतेस' इथे कढी कुणी वाचणार नाही.

वाक्य सावरत नाही अशी जागा म्हणजे 'बी-ए-आर-ए'. हे बरा, बारा आणि बरं तिन्ही आहे. 'उद्या बी-ए-आर-ए ला ये' इथे बारा स्पष्ट आहे. पण 'ये मग बी-ए-आर-ए' याचा अर्थ 'ये मग, बरं' की 'ये मग बाराला'? यावर उपाय म्हणजे दीर्घ आ साठी दोन 'ए' लिहिणं, निदान जिथे दोन्ही शब्द संभवतात तिथे. शब्दाच्या शेवटी दोन 'ए' लिहायची गरज नाही, कारण मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' उच्चारला जात नाही, त्यामुळे शेवटचा 'ए' वाचणारा आपोआप आ असाच वाचतो. अपवाद केलं, झालं, बरं यांसारख्या शब्दांचा. त्यांचा शेवट लोक 'ए'ने करतात आणि मग समजला व समजलं एकच दिसतात. अशा शब्दाला शेवटी 'ए-एन' लावणारेही बरेच आहेत. दिसायला विचित्र, पण अर्थ पोचवणारी सवय आहे.

आणखी एक अक्षर आदराचं. 'वाय-ई' म्हणजे ये, 'वाय-ए' म्हणजे या. एका स्वराने अरेतुरे होतं. मोठ्या माणसाला इंग्रजी अक्षरांत मेसेज करताना क्रियापदाची शेपूट दोनदा पाहावी: येतोस आणि येताय, सांग आणि सांगा, बघ आणि बघा. घाईत शेवटचा 'ए' राहिला की 'सांगा'चं 'सांग' होतं.

देवनागरीत टाइप करणाऱ्यांच्या सवयी वेगळ्या आणि मला विचाराल तर अभ्यासायला जास्त रसाच्या. यातल्या बऱ्याच चुका माणसाच्या नसून कीबोर्डच्या असतात. इंग्रजी अक्षरं दाबून देवनागरी उमटवणाऱ्या कीबोर्डवर उच्चाराप्रमाणे अक्षरं दाबली की केल, केला, केले यांपैकी काहीतरी आधी पुढे येतं. 'केलं' हवं असेल तर वरच्या पट्टीतून निवडावं लागतं. घाईत कोण निवडणार? म्हणून 'काम झाल', 'कस काय', 'मी सांगितल' असं लिहिलं जातं. टिंब ही सर्वांत जास्त गळणारी खूण आहे.

बोलीतल्या 'केलं'वरचं टिंब गेलं तर वाचणारा ते मनात भरून काढतो. तिथे फार बिघडत नाही, जरी 'कस' हा वेगळा शब्द आहे आणि 'दिल' वाचून क्षणभर हिंदी वाटतं. खरं नुकसान अनेकवचनाचं आणि आदराचं टिंब गेल्यावर होतं. 'त्याच्याकडे पैसे दे' आणि 'त्यांच्याकडे पैसे दे' यांत माणूसच बदलतो. 'मुलाचे फोटो पाठव' म्हणजे एका मुलाचे, 'मुलांचे फोटो पाठव' म्हणजे सगळ्यांचे. 'सरानी बोलावलं' यात आदर अर्धवट राहतो, 'सरांनी' हवं. 'आजोबाना', 'काकाना', 'बाबाना' ही रूपं चूक आहेत: आदराने लिहिताना 'ना'च्या आधी टिंब असतंच. मेसेज पाठवण्यापूर्वी एकच गोष्ट तपासायला वेळ असेल तर नी, ना, चा, ची, चे, च्या यांच्या आधीचं अक्षर पाहा. माणूस एकापेक्षा जास्त किंवा आदराचा असेल तर तिथे टिंब द्या. बाकी टिंबं राहिली तरी चालतील.

याच्या उलट, नको तिथे टिंब देण्याची सवयही वाढली आहे: 'झालयं', 'आलयं', 'करतोयं'. शब्द नाकातून संपतो असं वाटून टिंब शेवटच्या अक्षरावर जाऊन बसतं. फोड केली की जागा सापडते. झालं अधिक आहे म्हणजे झालंय, म्हणून टिंब 'ल'वर. करतो अधिक आहे म्हणजे करतोय, इथे टिंबाचा संबंधच नाही. आलं आहे: आलंय. आले आहेत: आलेत. बरं आहे: बरंय. नाही आहे: नाहीये. कुठे आहेस: कुठंयस किंवा कुठेयस, दोन्ही चालतात. टिंब मूळ शब्दाचं असतं, 'आहे'चं नसतं, एवढं लक्षात राहिलं की पुरे.

आणि ही जोडरूपं अशुद्ध नाहीत, हे इथे ठामपणे सांगतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांपैकी १४ नियम १९६२चे आहेत आणि १९७२मध्ये त्यांत आणखी ४ जोडले गेले. त्या नियमांतच बोलणाऱ्याच्या तोंडची भाषा लिहिताना 'असं केलं, मी म्हटलं' अशी रूपं लिहायला मोकळीक आहे आणि इतर लेखनात 'असे केले, मी म्हटले'. मेसेज म्हणजे लिहिलेलं बोलणंच, त्यामुळे तिथे 'केलं' लिहिणं नियमाला धरूनच आहे. 'आपण जेवण केले आहे काय' असं घरच्या माणसाला लिहिणं उलट परकं वाटतं.

हीच गोष्ट बोलीभाषेची. 'काहून', 'कामून', 'कशापायी', 'नाय', 'हाय', 'पानी' या शुद्धलेखनाच्या चुका नव्हेत. माणूस जसं बोलतो तसं लिहितोय. त्याला गटात सगळ्यांसमोर सुधारणं हे वाईटच. फरक इतकाच की 'पाणी' म्हणणाऱ्याने 'पानी' लिहिलं तर ती कीबोर्डची चूक असते आणि 'पानी' म्हणणाऱ्याने लिहिलं तर ती त्याची भाषा असते.

वेलांटी आणि उकाराचं काय? इंग्रजी अक्षरांवरून टाइप करताना 'आय' आणि 'यू' एकेकच, त्यामुळे ऱ्हस्व की दीर्घ हे कीबोर्ड ठरवतो. सगळे नियम पाठ करायची गरज नाही, चारपाच खुणांत मेसेजमधले बहुतेक शब्द बसतात. शब्दाच्या शेवटी आलेली वेलांटी आणि उकार दीर्घ: मी, तू, ही, की, नाही, कवी, गती. म्हणून 'तु', 'कि', 'हि' चूक. याला अपवाद 'आणि', 'नि' ही दोन मराठी अव्ययं आणि संस्कृतातून आलेली परंतु, तथापि यांसारखी काही अव्ययं. म्हणून 'आणी' आणि 'परंतू' चूक. मेसेजमध्ये सर्वांत जास्त चुकणारे शब्द कोणते म्हणाल तर 'कि' आणि 'आणी', आणि दोन्ही एकमेकांच्या उलट दिशेने चुकतात.

शेवटच्या अक्षरात नुसता 'अ' असेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ: ठीक, वीट, फूल, मूल, बहीण, माहीत. शब्द पुढे वाढला किंवा शेवट दीर्घ झाला की तीच ऱ्हस्व होते: विटा, फुलं, मुलं, बहिणीला, माहिती, पाहिजे. 'माहीत' आणि 'माहिती' ही जोडी पाठ ठेवली की नियम आपोआप आठवतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात येत नाहीत: गुण, हित, मंदिर, दिन. त्यातला 'दिन' फार महत्त्वाचा, कारण दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, केविलवाणा. सकाळी सकाळी 'शुभ दीन' पाठवणाऱ्यांनी इतकी एक वेलांटी बदलावी.

'ऊन' की 'वून' याचंही उत्तर क्रियापदातच असतं. मूळ क्रियापदात व असेल तर वून: ठेव ठेवून, जेव जेवून, धाव धावून. व नसेल आणि क्रियापद स्वराने संपत असेल तर ऊन: जा जाऊन, ये येऊन, घे घेऊन, दे देऊन, हो होऊन. 'येवून' आणि 'घेवून' हे फार दिसतात. 'ये' आणि 'घे' यांत व कुठे आहे, एवढा प्रश्न स्वतःला विचारला की पुरे. 'जाउन', 'होउन' असा ऱ्हस्व उ लिहिणं ही पुन्हा कीबोर्डचीच देणगी.

औपचारिक मेसेज, म्हणजे अभिनंदन, शुभेच्छा, श्रद्धांजली, यांत जोडाक्षरं अडचणीत आणतात आणि नेमके तेच मेसेज शेकडो लोक वाचतात. 'श्रध्दांजली', 'शुध्द', 'प्रसिध्द' यांत द आणि ध यांची अदलाबदल झालेली असते. छापील द्ध मध्ये ध हा द च्या पोटाखाली लटकलेला असतो, त्यामुळे आधी काय हे डोळ्याला कळत नाही. उच्चार करून पाहा: आधी द अर्धा, मग ध पूर्ण. टाइप करण्याचा क्रम द, पाय मोडण्याचं चिन्ह, ध.

'आर्शिवाद' हीसुद्धा अशीच चूक. हाताने लिहिताना रफार आपण सगळ्यात शेवटी, वरून देतो. कीबोर्डवर तो ज्या अक्षरावर दिसायला हवा त्याच्या आधी टाइप करावा लागतो. आशीर्वादमध्ये रफार 'वा'वर आहे, म्हणून क्रम आ, श, दुसरी वेलांटी, र, पाय मोडण्याचं चिन्ह, व, काना, द. 'पुर्ण', 'सुर्य', 'मुर्ती', 'उर्जा' यांवर एक सोपी खूण: रफाराच्या आधीच्या अक्षराची वेलांटी किंवा उकार संस्कृत शब्दांत बहुधा दीर्घ असतो. पूर्ण, सूर्य, मूर्ती, ऊर्जा, तीर्थ, कीर्ती. दुर् आणि निर् या उपसर्गांचे शब्द मात्र ऱ्हस्व: दुर्जन, दुर्बल, निर्णय. चतुर्थीही ऱ्हस्वच.

याच घरातला दुसरा प्रश्न 'र्य' आणि 'ऱ्य' यांचा. 'दुसर्या', 'तिसर्या', 'सार्या' असं सर्रास दिसतं. मराठीत हे दोन वेगळे उच्चार आहेत. 'आचार्यांना बोलवा' म्हणजे गुरुजींना आणि 'आचाऱ्यांना बोलवा' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. ऱ्य लिहायला साधा र चालत नाही, खाली टिंब असलेला ऱ लागतो, मग पाय मोडण्याचं चिन्ह, मग य. फोनच्या अनेक कीबोर्डांवर र दाबून धरला की ऱ दिसतो. संगणकावर इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कळांची मांडणी असेल तर र ज्या कळीवर आहे तिथेच शिफ्टसह ऱ मिळतो. त्याच मांडणीत ल आणि ळ यांचंही तसंच.

स्वर ताणणं ही मेसेजची खास गरज, कारण लाड, कंटाळा, आश्चर्य हे सगळं स्वराच्या लांबीत असतं. इंग्रजी अक्षरांत शेवटचं अक्षर चार वेळा दाबलं की झालं. देवनागरीत वेलांटी दोनदा दिली तर दुसरी वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली दिसते, कारण तिला टेकायला व्यंजन नसतं. लोकांनी यावर दोन वाटा काढल्या. पहिली, पूर्ण स्वर पुढे जोडणं: नकोओओ, नाहीईई, आईईई. दुसरी, जुन्या नाटकांच्या छापील संहितेतली, अवग्रहाची: अरेऽऽ, एऽ आई. अवग्रह कीबोर्डवर सापडत नाही म्हणून पुष्कळजण त्याजागी तसाच दिसणारा इंग्रजी 'एस' टाकतात. दिसायला चालून जातं, पण मेसेज मोठ्याने वाचून दाखवणारी सोय वापरणाऱ्याला तिथे 'एस एस एस' ऐकू येऊ शकतं. स्वर जोडण्याची वाट जास्त चांगली.

वेळ आणि आकडे यांत चूक झाली तर माणूस ताटकळतो, म्हणून इथे काटकसर करू नये. '१०ला भेटू' म्हणजे दहा वाजता की दहा तारखेला? '१० वाजता' किंवा '१० तारखेला' लिहायला दोन सेकंद जास्त लागतात. '१.३०' म्हणजे दीड वाजता हे ठरलेलं आहे, पण काहीजण दीड म्हणून '१.५' लिहितात आणि वाचणारा एक वाजून पाच मिनिटं समजतो. दीड आणि अडीच हे शब्दांतच लिहावेत. 'साडे१०', 'पावणे३' अशी मिसळ मात्र स्पष्ट असते, ती खुशाल लिहा.

शेवटी एक न दिसणारी अडचण. जुना मेसेज शोधताना 'ॲप' टाइप केलं आणि काहीच सापडलं नाही, तरी मेसेज समोर आहे, असं होतं. कारण ॲ तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ॲ हे स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, २००८ साली ५.१ या आवृत्तीत आलं. दोन, अ आणि त्यावर वेगळी दिलेली चंद्रकोर. तीन, हिंदी कीबोर्डवरून येणारा ऍ, जो ए वर चंद्रकोर देऊन होतो. पहिल्या दोन डोळ्यांना सारख्या, पण फोनला वेगळ्या. 'बँक' आणि 'थँक्स' यांचंही तेच: कुणी चंद्रबिंदूची एकच खूण देतं, कुणी चंद्रकोर आणि टिंब अशा दोन. मराठीसाठी पहिला ॲ वापरावा. कीबोर्डची भाषा हिंदी ठेवून मराठी लिहिण्याची सवय असेल तर मराठी कीबोर्ड निवडा. ळ, ऱ आणि ॲ शोधण्याचा निम्मा त्रास तिथेच संपतो.

उरलेला त्रास वैयक्तिक शब्दकोशाने कमी होतो. गूगलच्या कीबोर्डमध्ये सेटिंग्ज, मग डिक्शनरी, मग पर्सनल डिक्शनरी, मग मराठी, आणि अधिकचं चिन्ह दाबून शब्द व त्याचं छोटं रूप भरायचं. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, टेक्स्ट रिप्लेसमेंट. भरायचे शब्द नेहमी चुकणारेच घ्या: दुसऱ्या, त्यांच्याकडे, आशीर्वाद, श्रद्धांजली, ॲप, झालंय. छोटं रूप असं ठेवा की जे एरवी शब्द म्हणून कधी येणार नाही. 'केल'साठी 'केलं' भरलं तर चालेल, पण 'कस'साठी 'कसं' भरू नका, 'त्याच्या'साठी 'त्यांच्या' तर मुळीच नको, नाहीतर एकाचे पैसे अनेकांकडे जातील.